उंबऱ्यावरचे चार सेकंद

आमच्या स्पर्धेला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. झुरळं मारणारी माणसं वर्षातून एक रविवार मैदानात उतरतात आणि पाठीला सोळा लिटरचा पंप बांधून पळतात म्हटल्यावर कोण हसणार नाही? पहिल्या वर्षी मीच इतकी हसले की पंपाचा पट्टा तुटला आणि सगळं पाणी पंचांच्या बुटात गेलं.

मी शालन हंकारे. मिरजेची. एकवीस वर्षं पेस्ट कंट्रोल करते. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं 'काय करता?' आणि मी खरं सांगितलं, की शेजारची बाई जरा सरकून बसते. बसू दे. पावसाळ्यात तिच्या कपाटाला वाळवी लागली की तीच फोन करते.

जानेवारीत आमच्या धंद्याला मंदी. थंडीत वाळवी खोल उतरते, ढेकूण सुस्तावतात, झुरळंसुद्धा शेगडीखालून हलत नाहीत. मग जिल्ह्यातले सगळे पेस्टवाले मिरजेतल्या एका शाळेच्या मैदानावर जमतात आणि 'पितळी पिंजरा' खेळतात. करंडक म्हणजे खरोखरच उंदराचा पिंजरा, फक्त पितळेचा मुलामा दिलेला. सुरुवातीला दिवंगत झुरळांसाठी एक मिनिट शांत उभं राहायचं, कारण आमची चूल त्यांच्या जिवावर पेटते. मग पंपशर्यत. मग ढेकूण-कबड्डी; चढाईला गेलेल्यानं कबड्डी-कबड्डी न म्हणता ढेकूण-ढेकूण म्हणत जायचं. म्हणून बघा, चौथ्या ढेकणाला जीभ अडखळते. मग चप्पलफेक: दोरीनं ओढलेल्या पत्र्याच्या झुरळावर आपल्या पायातली चप्पल मारायची. आपल्याच पायातली, हे नियमात आहे. एकदा तासगावच्या एकानं बायकोची आणली होती, त्याला बाद केलं.

शेवटचा सामना मात्र थट्टेचा नसतो. त्याला आम्ही टकटक म्हणतो. गावातलं एखादं खरं, वाळवी लागलेलं घर निवडायचं. पंचांनी आधी नळीचा कॅमेरा घालून जागा हेरून ठेवलेल्या असतात. खेळाडूनं आत जायचं, बोटाच्या पेरानं भिंती, चौकटी, कपाटं वाजवायची आणि जिथं वाळवी वाटेल तिथं खडूनं फुली मारायची. पंधरा मिनिटं. बरोबर फुलीला एक गुण, चुकलेल्या फुलीला एक वजा.

टकटक आमच्यात आणली दस्तगीरभाईंनी. दस्तगीर शिकलगार. एकोणीस वर्षं मी त्यांच्याबरोबर जोडीनं काम केलं. त्यांची पद्धत ठरलेली: दोन टका, थांबा, एक टका. मग कान भिंतीला. चांगलं लाकूड टणटणीत बोलतं, पोखरलेलं भद्द बोलतं, हे कुणीही शिकेल. पण भाईंना खरं कळायचं ते कुठं वाजवायचं हे. घरात शिरल्यावर ते नुसते उभे राहायचे. कुठं ओल धरते, कुठल्या कपाटाचं दार वर्षभर उघडलं नाही, कुठल्या चौकटीला नुकताच रंग दिलाय, हे सगळं बघायचे आणि थेट त्या जागी जाऊन बोट ठेवायचे. मी त्यांच्या मागून जात-जात शिकले.

दोन वर्षांपूर्वी ते मला सोडून गेले. सोडून म्हणजे, 'शून्यकीट' नावाच्या कंपनीत. मला सांगितलंसुद्धा नाही. एका सोमवारी मी पंप धुऊन वाट बघत बसले, आणि दहा वाजता निरोप आला की भाई आता येणार नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नव्हते. राग आलाच होता, पण त्याहून जास्त लागलं होतं. हाताखाली एकोणीस वर्षं शिकलेली मी समोर असताना माणूस आपली विद्या नेऊन एका डब्याला देतो म्हणजे काय?

हो, डब्यालाच. आता ते समजून घ्या, कारण सगळी भानगड तिथंच आहे.

वाळवी लाकूड कुरतडते तेव्हा त्याचे तंतू तुटतात आणि बारीक आवाज होतो, इतका वरच्या पट्टीतला की माणसाच्या कानाला कळत नाही. भिंत ठोकली तर आतली सैनिक वाळवी डोकं आपटून बाकीच्यांना इशारा देते. शिवाय वाळवीच्या पोटातून मिथेन वायू निघतो. हे सगळं टिपणारे सेन्सर आता नखाएवढे झालेत. कंपनीनं ते एका रबरी बोटात बसवले. वाळवी सापडली की तेच यंत्र आत एक लेप सोडतं. त्या लेपात वाळवीच्याच एका जनुकाची उलटी नक्कल असते. खाल्ली की ते जनुक गप्प होतं आणि आठवड्याभरात आख्खं वारूळ उपाशी मरतं. विष नाही, वास नाही, घर सोडून जायला नको. चांगली गोष्ट आहे, मी नाही म्हणणार नाही. आमची फुप्फुसं खाल्ली ती जुन्या औषधांनीच.

पण एक अडचण होती. तो बारीक आवाज विटेतून वीतभरसुद्धा पुढे जात नाही. बोट अगदी त्याच जागी टेकवून मिनिटभर ऐकावं लागतं. एका घरात अशा हजारो जागा. सगळ्या ऐकायच्या तर महिना जाईल. म्हणजे यंत्राला कान होता, पण तो कुठं लावायचा हे ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी भाईंना नेलं. दोन वर्षं, चौदाशे घरं. भाईंच्या कपाळावर कॅमेरा, बोटांना तारा. ते कुठं वळले, कुठं वाकले, कुठं ठोकलं, कुठं नाही, सगळं टिपून यंत्राला शिकवलं. आणि यंत्राचं नाव काय ठेवलं माहितीय? 'उस्ताद'. त्या जित्याजागत्या माणसाला आम्ही साधं भाई म्हणत आलो, आणि डब्याला उस्ताद!

ह्या वर्षी, म्हणजे दोन हजार एकोणचाळीसच्या जानेवारीत, कंपनीनं उस्तादला पितळी पिंजऱ्यात उतरवायचं ठरवलं. आमच्या पोपट वाघमोडेला वाटलं मजा येईल. पोपट म्हणजे जतचा कप्तान, आमचा पंच आणि समालोचकसुद्धा. तो झोपेतही माईक धरून बोलत असेल. पण कंपनीबरोबर आले जिल्ह्याच्या गृहनिर्माण महासंघाचे अध्यक्ष, आडमुठे साहेब. आडमुठे हे त्यांचं खरं आडनाव, मी ठेवलेलं नाही. त्यांनी सोबत एक छापील कागद आणला होता, टकटकला निवडलेल्या घराच्या तपासणीचा.

"एप्रिलपासून प्रत्येक सोसायटीत हाच तपासणी अर्ज चालेल," ते म्हणाले. "आज हे यंत्र जिंकलं की आमची खात्री पटली असं समजा."

मी कागद वाचला. वर लिहिलं होतं, 'तपासणीस: उस्ताद (यंत्र)'. खाली, 'मदतनीस:' आणि पुढे रिकामी जागा.

"ही रिकामी जागा कुणाची?" मी विचारलं.

"तुमची. यंत्र गाडीतून उतरवून घरोघरी उचलून न्यायला माणूस लागणारच की. कुणाच्या पोटावर पाय देत नाही आम्ही."

एकवीस वर्षं लोकांनी मला घराची कुलपं उघडून दिली. कपाटं, माळे, ट्रंका उघडून दाखवल्या. कुठं काय पोखरलंय हे मी सांगितलं की ते ऐकायचे. आणि आता मी डबा उचलायचा? माझं डोकंच फिरलं.

"साहेब," मी म्हटलं, "टकटक मी खेळणार. आणि हरले तर ह्या रिकाम्या जागेत स्वतःच्या हातानं नाव लिहीन. हरले तर!"

पोपटनं लगेच माईकवर जाहीर करून टाकलं. त्याच्या पोटात काही राहत नाही.

सकाळचे खेळ नेहमीसारखे झाले. कवठेमहांकाळनं पंपशर्यत मारली. ढेकूण-कबड्डीत पलूसचा एकजण "ढेकूण-ढेकूण-ढेकणू" म्हणाला आणि पोपट ओरडला, "दम गेला, दम गेला! ढेकणानं गडी खाल्ला!" लोक पोट धरून हसत होते. मला हसू येत नव्हतं. मांडवाच्या कडेला कंपनीच्या खुर्च्या होत्या, आणि तिथं दस्तगीरभाई बसले होते. निळी टोपी, तिच्यावर शून्यकीटचं चिन्ह. वाळले होते. मी समोरून गेले तेव्हा ते उठायला लागले.

"ताई..."

"बसा," मी म्हटलं. "तुमच्या उस्तादाकडे लक्ष ठेवा."

ते बसले. मला वाईट वाटलं, पण मी मागं वळून पाहिलं नाही.

टकटकसाठी निवडलं होतं मंगसुळे काकूंचं घर, मैदानाच्या मागच्याच गल्लीत, खाली तीन खोल्या, वर दोन. काकू सत्तरीच्या, एकट्या राहतात. खेळ चालू असताना घरात फक्त घरमालकानं थांबायचं हा नियम, म्हणून त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगा सोलत होत्या. बाकी सगळं मैदान बाहेर पडद्यावर बघत होतं. मला पांढरा खडू, यंत्राला निळा.

उस्ताद दिसायला स्टुलाएवढा. खाली जिनाही चढणारी सहा चाकं, वर एक लांब हात, हाताच्या टोकाला ते रबरी बोट. शिट्टी झाली. तो आत गेला आणि मधोमध उभा राहिला. नुसता उभा. भाई असेच उभे राहायचे. मग त्यानं वळून थेट जिन्याखालचं कपाट गाठलं. दोन टका, थांबा, एक टका.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "हे तर दस्तगीरसारखंच वाजवतंय."

"तेच आहे ते, काकू," मी म्हटलं आणि कामाला लागले.

सांगते ते खरं सांगते, तो डबा हुशार होता. जिन्याखाली त्यानं फुली मारली, मी मारली. खिडकीच्या चौकटीत त्यानं मारली, मी मारली. माळ्याच्या फळीवर मी आधी पोचले. वरच्या खोलीत तो आधी. आम्ही एकमेकांना चुकवत फिरत होतो आणि सारखे त्याच त्या जागी भेटत होतो. शिकवणारा एकच ना. नऊ मिनिटांत दोघांच्या पाच-पाच फुल्या झाल्या. मग तो मोरीच्या दाराच्या चौकटीकडे गेला, खाली वाकला आणि सहावी मारली. ती जागा मी वाजवून सोडून दिली होती. पुन्हा वाजवली तरी मला काही ऐकू येईना, आणि न ऐकता फुली मारणं माझ्यानं होत नाही.

बाहेरून पोपटचा आवाज आला, "उस्ताद सहा, शालनताई पाच! शालनताई, अहो, ढेकूण म्हणा पण हार मानू नका!"

उरली होती देवघराची खोली. खोली कसली, स्वयंपाकघराला लागून एक कोनाडा, त्याला छोटा उंबरा, आत भिंतीला टेकवलेला सागवानी देव्हारा. उस्ताद माझ्या पुढे होता. तो उंबऱ्याशी आला आणि थांबला.

हात त्यानं मागं घेतला. किंचित डावीकडे सरकला, कुणाला तरी वाट द्यावी तसा. आणि उभा राहिला. एक, दोन, तीन, चार सेकंद. मग वळून निघून गेला.

माझ्या हातातला खडू खाली पडला.

एकोणीस वर्षं प्रत्येक घरात हे झालं होतं. देवघर आलं की भाई उंबऱ्याशी थांबायचे, डावीकडे सरकायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमचं घ्या." त्यांना कुणी कधी अडवलं नव्हतं. पण ज्याचे देव त्याला विचारून आणि शक्यतो त्याच्यातल्याच हातानं, अशी त्यांची रीत. एखाद्या घरात कुराण ठेवलेलं फडताळ आलं की मी थांबायची आणि ते पुढे व्हायचे. बाळंतिणीची खोली माझी, पहिलवानाच्या तालमीतली कोठी त्यांची. कुठं लिहिलेलं नव्हतं. आम्ही त्याबद्दल कधी बोललोसुद्धा नाही.

आणि तो डबा थांबला होता. माझ्यासाठी थांबला होता. मी सोबत नसतानाही दोन वर्षं, चौदाशे घरांत, तो माणूस उंबऱ्याशी थांबत राहिला होता. डब्यानं तेवढं टिपलं आणि अर्थ लावला, की इथं चार सेकंद थांबायचं असतं आणि मग निघून जायचं असतं.

"चार मिनिटं!" पोपट बाहेर ओरडला.

मी डोळे पुसले. "काकू, देव हलवावे लागतील. हलवू का?"

"हात धू आणि तूच हलव, माझे गुडघे कुठं वाकतात? बाळकृष्ण आधी घे. आणि तो शंख जपून, ह्यांनी गोकर्णाहून आणलेला."

हात धुतले. एक-एक देव उचलून पाटावरच्या धुतल्या फडक्यावर ठेवला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, शंख. घाई करता आली असती. सगळं एकदम ताटात ओतून मोकळी झाले असते तर दोन मिनिटं वाचली असती. पण तसं मला कुणी शिकवलेलं नाही. देव्हारा पुढे ओढला आणि मागच्या भिंतीतल्या लाकडी पाटीवर बोट टेकवलं. दोन टका, थांबा, एक टका.

भद्द.

कान लावला. आत बारीक सरसर, वाळल्या पानांवरून काहीतरी सरकावं तशी. मी एवढी मोठी फुली मारली की खडू मोडला. शिट्टी झाली.

पंचांनी यादी काढली. यादीत सहा जागा, देवघर नाहीच. पंचांनी तिथं कॅमेराच घातला नव्हता. तेही आमच्यातलेच, न विचारता देवघराला हात लावणार नाहीत.

आडमुठे साहेब आत येऊन उभे राहिले. "यादीत नाही म्हणजे चुकीची फुली. एक वजा. यंत्र सहा, बाई चार. विषय संपला."

"विषय कसा संपला?" मंगसुळे काकू शेंगांचं सूप बाजूला सारून उठल्या, गुडघ्यांसकट. "घर माझं, देव माझे, भिंत माझी. तुमची यादी घाला चुलीत. शालन, उघड ती पाटी."

पोपटनं पहार आणली. पाटी नुसती बोट लावल्यावर निखळली, कारण तिच्यात लाकूड उरलंच नव्हतं, फक्त रंगाचा पापुद्रा होता. मागं विटांच्या सांध्यांतून मातीच्या नळ्या वरपर्यंत गेलेल्या आणि त्यांत पांढरी वाळवी बुजबुजलेली. वरच्या खोलीची तुळई त्याच भिंतीवर टेकलेली होती. काकू त्या तुळईखालीच रोज झोपतात. पडद्यावर हे दिसलं तेव्हा बाहेरचं सगळं मैदान पडद्याजवळ सरकलं.

मग पोपटनं माईक तोंडाला लावला. "देवघर धरून शालनताई सहा, उस्ताद सहा! बरोबरी! नियम क्रमांक नऊ: बरोबरी झाल्यास चप्पलफेक. यंत्रानं आपल्या पायातली चप्पल घेऊन मैदानात यावं!"

असा हशा उठला की मांडव हलला. "चप्पल आणा, चप्पल!" लोक ओरडायला लागले. मी पायातली कोल्हापुरी काढली आणि पत्र्याच्या झुरळाच्या टाळक्यात हाणली. पिंजरा आमचा झाला.

आडमुठे साहेब मात्र हसले नाहीत. "थट्टा पुरे. पिंजरा तुमचा, पण कागद आमचा. एक जागा चुकली तर ती सुधारता येईल. काय हो, मॅडम?"

मॅडम म्हणजे केतकी, कंपनीची इंजिनिअर, पंचविशीची, अंगानं बारीक, बोलायला सरळ. ती पडद्यावर तोच तुकडा पुन्हा-पुन्हा लावून बघत होती. "विचित्र आहे," ती म्हणाली. "तो तिथं अडकतो. असे खूप थांबे आहेत त्याच्या नोंदीत. आम्हाला वाटलं चाकाचा दोष असेल. पुढच्या आठवड्यात काढून टाकणार होतो. हंकारेताई, तुम्ही तिथं त्याच्याकडे बघून खडू टाकलात. तुम्हाला काही कळलं का?"

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. सांगितलं तर हे आठवड्यात दुरुस्त करतील आणि मी जाईन डबा उचलायला. नाही सांगितलं तर डबा घरोघरी देवघरं सोडत जाईल, आणि लोक म्हणतील, यंत्रापेक्षा शालन बरी. पण मग डोळ्यासमोर ती तुळई आली. आणखी किती काकू अशाच झोपत असतील?

मी पोपटच्या हातातला माईक घेतला.

"तो दोष नाही," मी म्हटलं. "ती माझी जागा आहे. दस्तगीरभाई तिथं माझ्यासाठी थांबायचे. तुम्ही भाईंना नेलं आणि मला इथं ठेवलं. काम दोघांचं होतं, शिकवलं एकाचं. तुमच्या उस्तादाला अर्धंच येतं!"

कंपनीच्या खुर्च्यांमधून भाई उठले. टोपी काढून हातात घेतली होती. केतकीनं त्यांच्याकडे पाहिलं. "उस्ताद, तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलंच कुठं, बेटा? तुमची पोरं मागून म्हणायची, पुढे चला. मी थांबायचो, मागं कुणी नसायचं, मग पुढे जायचो. घरवाल्यांना सांगायचो, एवढं कुणाकडून तरी बघून घ्या. ते तुमच्या तारांत येत नव्हतं." मग ते माझ्याकडे वळले. "ताई, छाती साथ देत नव्हती. वाटलं, आपण मेल्यावर हे कुठंतरी राहू दे. तुम्हाला सांगायला तोंड झालं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता आणि मी थांबलो असतो."

"मग थांबायचं होतं!" मी ओरडले, माईकमधूनच. आख्ख्या मैदानानं ऐकलं. "मी शिकत नव्हते? मी कोण होते?"

"तुम्हाला काय शिकवायचं राहिलं होतं?" भाई म्हणाले. "जे मला येत नव्हतं ते तुम्हाला येत होतं."

पोपटनं तेवढ्यात शहाणपणानं माईक काढून घेतला.

केतकीनं सगळे थांबे पडद्यावर लावले. दोन हजार सहाशे. देवघरं होतीच. पाळणे होते. लोणच्याच्या बरण्यांची कोठी होती. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची खाट. एका घरात नुसती एक कुलूप घातलेली ट्रंक. भाई म्हणाले, त्या बाईचा मुलगा सैन्यात गेला तो आला नाही, त्याची ती. प्रत्येक ठिकाणी चार सेकंद आणि पुढे.

"मोठी माहिती आहे ही," आडमुठे साहेब म्हणाले. "मग ह्या बाईंनाही दोन वर्षं घ्या, तारा लावा. पूर्ण होईल यंत्र. काय बाई, तयार?"

"नाही," मी म्हटलं.

"अहो, पगारी काम आहे!"

"असू दे. मी तसल्या ट्रंकेपाशी आधी बसते. चहा घेते. मुलाचं नाव विचारते. मग ती बाई स्वतः किल्ली आणते. तुमचा डबा चहा पिणार आहे का?"

मंगसुळे काकू पुढे आल्या. "माझ्या देवांना ते डबडं शिवणार नाही, सांगून ठेवते. कुणाच्या घरात शिवू देणार गं?" त्यांनी मांडवातल्या बायकांकडे बघून विचारलं. मांडवातून जो गलका झाला त्यात साहेबांना उत्तर मिळालं. अध्यक्ष झाले तरी पुढच्या वर्षी निवडणूक असतेच.

साहेबांनी घाम पुसला. "मग म्हणणं काय आहे तुमचं?"

मी त्यांच्या हातातला तो छापील कागद घेतला, मंगसुळे काकूंच्या घराचा, सही व्हायचा राहिलेला. केतकीकडून पेन मागितलं. 'उस्ताद (यंत्र)' ह्या अक्षरांवर आडवी रेघ मारली. 'तपासणीस' पुढे लिहिलं: शालन हंकारे. पेन भाईंपुढे धरलं.

भाई चार पावलं लांब उभे होते. कागदाकडे बघत राहिले, हात पुढे करेनात.

मी डावीकडे सरकले. "भाई, तुमचं घ्या."

त्यांनी निळी टोपी खिशात कोंबली, पेन घेतलं आणि माझ्या नावाशेजारी सावकाश लिहिलं, दस्तगीर शिकलगार. अक्षर जुनंच, गोल.

खाली 'मदतनीस' पुढची जागा अजून रिकामी होती. मी पेन परत घेतलं आणि ठसठशीत लिहिलं: डबा.